शब्दावरून चोर धरताना

2025 च्या जुलैअखेर दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याने तिथल्या बंग भवनाला, म्हणजे पश्चिम बंगाल सरकारच्या अतिथिगृहाला, पत्र पाठवलं. बांगलादेशातून येऊन बेकायदा राहत असल्याच्या संशयावरून धरलेल्या काही जणांकडची कागदपत्रं 'बांगलादेशी भाषे'त आहेत, ती वाचायला दुभाषी हवा, असा त्याचा आशय होता. पत्र बाहेर आलं आणि भांडण जुंपलं. एका बाजूचं म्हणणं, पोलिसांचं चुकलं काय? सीमेपलीकडची बोली वेगळीच असते, तिथल्या सिल्हेट भागातली सिल्हेटी तर भारतातल्या बंगाल्यांना कळतसुद्धा नाही, तोंड उघडलं की माणूस कुठला ते समजतं. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की आपलं राष्ट्रगीत ज्या भाषेत लिहिलं गेलं तिलाच तुम्ही परकी ठरवता. हे उत्तर खरं आहे आणि बिनकामाचंही. रवींद्रनाथांच्या नागरिकत्वाबद्दल कुणीच शंका घेतलेली नव्हती. शंका होती गवंडीकाम करणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बंगाली माणसांबद्दल. आणि त्यांच्या बाबतीत खरा प्रश्न, बोलण्यावरून लबाडी पकडता येते का आणि येत असेल तर कुणाची, हा दोन्ही बाजूंनी विचारलाच नाही.

माझं मत आधीच सांगते. भाषेवरून लबाडी पकडता येते, आणि फार चांगली पकडता येते. पण जी पकडली जाते ती कागदाची लबाडी असते. 'हा मजकूर अमक्याने लिहिला' किंवा 'हा जबाब अमक्याने दिला' असा कुणी दावा केला, तर त्या मजकुरातल्या शब्दांनाच तो दावा खरा की खोटा हे विचारता येतं. माणूस खरा की खोटा, आपला की परका, हे त्याच्या उच्चारावरून ठरवायला निघालो की तपास संपतो आणि नाकाबंदी सुरू होते. या दोन गोष्टी एकसारख्या दिसतात, म्हणून त्या एकच समजल्या जातात. बंगाली मजुरांच्या प्रश्नावर सगळे इतकं वाईट भांडले त्याचं मूळ मला या गल्लतीत दिसतं.

आधी भाषेने खरोखर चोर धरला त्याची गोष्ट. आयर्लंडचा नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल ब्रिटिश पार्लमेंटात आयरिश स्वराज्याची मागणी लावून धरत होता, तेव्हा 18 एप्रिल 1887 रोजी लंडनच्या 'टाइम्स'ने त्याच्या सहीचं म्हणून एक पत्र जसंच्या तसं छापलं. पाच वर्षांपूर्वी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये लॉर्ड कॅव्हेंडिश आणि बर्क या दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला होता. या पत्रात पार्नेल म्हणत होता की बर्कला त्याच्या लायकीचंच मिळालं. एका पत्राने पार्नेल खुन्यांचा साथीदार ठरत होता. पुढे अशी आणखी पत्रं निघाली, चौकशीसाठी खास आयोग बसला, आणि पत्रं विकणारा डब्लिनचा पत्रकार रिचर्ड पिगट फेब्रुवारी 1889 मध्ये साक्षीला उभा राहिला. पार्नेलचे वकील सर चार्ल्स रसेल यांनी उलटतपासणीच्या सुरुवातीलाच त्याच्या हातात कोरा कागद दिला आणि काही शब्द लिहायला सांगितले. उपजीविका, शक्यता, त्याचं स्वतःचं नाव असे सगळे निरुपद्रवी शब्द. शेवटी, जणू आठवण झाली म्हणून, आणखी एक: 'हेझिटन्सी', म्हणजे कचरणं. पिगटने लिहिला, आणि त्यात जिथे ए हवा तिथे ई घातला. पार्नेलच्या नावावर खपवलेल्या एका पत्रात नेमका हाच शब्द होता आणि त्यात नेमकी हीच चूक होती. पुढच्या काही दिवसांत पिगटने बनावटगिरी कबूल केली, माद्रिदला पळाला, आणि पोलीस दाराशी आल्यावर त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. 'टाइम्स'ला पार्नेलला 5,000 पौंड भरपाई द्यावी लागली.

ही गोष्ट ऐकली की वाटतं, बस, एका अक्षराने सगळं झालं. पण एका अक्षराने झालं नव्हतं. इंग्रजी शुद्धलेखनात ही चूक करणारा पिगट काही एकटा नव्हता. लंडनच्या रस्त्यावर शंभर जणांना हा शब्द लिहायला सांगितला असता, तर त्यांतल्या काहींनी तो असाच लिहिला असता, आणि म्हणून ते काही बनावट पत्रांचे कर्ते ठरले नसते. रसेलच्या बाजूकडे पिगटची निर्विवाद खरी जुनी पत्रं होती, त्यांतही तीच चूक सापडली होती. पत्रं पिगटच्याच हातून आलेली होती, म्हणजे संशय मोजक्या माणसांपुरता उरला होता. शिवाय पिगटने डब्लिनच्या आर्चबिशपना आधीच लिहिलेल्या पत्रांतून, आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं हा त्याचा दावा उघडा पडला. एक वादग्रस्त मजकूर, त्याच्या शेजारी ठेवायला त्याच माणसाचा खरा नमुना, आणि भाषेबाहेरचा स्वतंत्र पुरावा, असे तीन पाय असल्यामुळे ती घडवंची उभी राहिली. चुकलेलं अक्षर हा त्यांतला एकच पाय.

हे काही पहिलं उदाहरण नव्हे. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, 1440 मध्ये, लोरेंझो वाला या इटालियन विद्वानाने पोपच्या राजसत्तेचा आधार मानलं जाणारं दानपत्र खोटं ठरवलं होतं. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेचं राज्य पोपला दिल्याचं ते पत्र. वालाने दाखवलं की त्यातलं लॅटिन त्या काळचं नाहीच. रोमन दरबारात कधी कुणाला 'क्षत्रप' म्हणत नसत, आणि इथे तर रोमच्या अधिकाऱ्यांच्या रांगेत क्षत्रप उभे आहेत. मराठी वाचकाला हे समजायला जड नाही. शिवकाळापूर्वीच्या आणि पेशवाईतल्या पत्रांत फारसी शब्दांचं प्रमाण किती वेगळं आहे हे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दाखवून दिलं, आणि तेव्हापासून पत्राची भाषा हा त्याच्या काळाचाही पुरावा झाला. सतराव्या शतकाच्या आरंभीची म्हणून पुढे केलेली सनद संस्कृतप्रचुर, गुळगुळीत मराठीत असेल तर अभ्यासकाच्या कपाळावर आठी पडते, ती यामुळेच.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, आणि त्यांना झटकून टाकणारे लोक माझ्या बाजूचे असले तरी त्यांचं मला पटत नाही.

पहिला मुद्दा असा की भाषेने कागदच नव्हे, हाडामांसाचे गुन्हेगारही धरले आहेत. बरोबर आहे. अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात एक माणूस टपालाने आणि इतर मार्गांनी बॉम्ब पेरत होता. त्यात तिघे मेले, 23 जखमी झाले आणि सतरा वर्षं तो कोण हे कुणाला कळलं नाही. 1995 मध्ये त्याने सुमारे 35,000 शब्दांचा जाहीरनामा छापायला लावला. तो वाचून डेव्हिड काझिन्स्की नावाच्या माणसाला त्यातले शब्दप्रयोग आपल्या थोरल्या भावाच्या तोंडचे वाटले. 3 एप्रिल 1996 रोजी टेड काझिन्स्की मोंटानातल्या जंगलातल्या झोपडीत पकडला गेला. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये 2005 साली एक 19 वर्षांची मुलगी नाहीशी झाली. तिच्या फोनवरून ती जिवंत असल्याचे संदेश येत राहिले. पण ती नेहमी 'मायसेल्फ' लिहायची आणि या संदेशांत 'मीसेल्फ' होतं. संदेश दुसराच कुणी लिहीत होता. 2008 मध्ये तिचा खुनी दोषी ठरला.

पण या दोन्ही गोष्टी नीट पाहा. दोन्हीकडे एक ठरावीक मजकूर होता आणि त्याच्या शेजारी ठेवायला जुनी पत्रं, जुने संदेश होते. काझिन्स्कीच्या बाबतीत भाषेतल्या साम्याने मिळालं ते झडतीचं वॉरंट. गुन्हा सिद्ध करणारा बॉम्ब, टंकयंत्र आणि हस्तलिखितं झोपडीत सापडली. आणि आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. त्या जाहीरनाम्यातली जी 'चूक' सगळ्यांच्या डोळ्यांत भरली ती मुळात चूकच नव्हती. इंग्रजीत म्हण आहे की केक जवळ ठेवायचा आणि खायचाही, असं जमत नाही. काझिन्स्कीने क्रम उलटा लिहिला होता, आधी खायचा आणि मग जवळ ठेवायचा. लोकांना वाटलं हा घसरला. पण सोळाव्या शतकात ही म्हण याच क्रमाने नोंदली गेली आहे, आणि विचार केला तर तोच क्रम तर्काला धरून आहे. केक जवळ ठेवून मग खाता येतोच की. म्हणजे चूक त्याची नव्हती, ऐकणाऱ्यांची होती. बोलणाऱ्याची चूक पकडली असं आपल्याला वाटतं, तेव्हा किती वेळा फक्त आपल्या कानाची सवय उघडी पडलेली असते?

दुसरा मुद्दा रोजच्या व्यवहारातला. मोबाइलवर बँकेच्या नावाने येणारे निरोप, 'डिजिटल अरेस्ट'च्या नोटिसा, सरकारी म्हणून फिरणारी परिपत्रकं, ही खोटी आहेत हे आपण कशावरून ओळखतो? भाषेवरूनच ना? हो. महाराष्ट्र शासनाच्या नावाने आलेल्या कागदावर 'कारण बताओ नोटीस' असं लिहिलेलं असेल तर तो कागद मंत्रालयातून निघाला नाही एवढं मी पैजेवर सांगेन. आपल्याकडे ती 'कारणे दाखवा' असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण इथेही शंका आली ती कागदावर, आणि ताडून पाहायला खऱ्या नोटिसांचा नमुना आपल्या डोळ्यांसमोर होता. नुसत्या अशुद्धलेखनावरून निकाल द्यायचा म्हटला तर कित्येक अस्सल शासकीय परिपत्रकंही बनावट ठरतील.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. पोलीस म्हणतात, आम्हाला आत्ता, इथे, रस्त्यावर निर्णय घ्यायचा असतो. खोटं आधार कार्ड थोड्या पैशांत मिळतं, पण मातृभाषा लपवता येत नाही. कागद खोटा बनवता येतो, जीभ नाही. मग जिभेवर विश्वास ठेवला तर काय चुकलं? घुसखोरी होत नाही असं म्हणणं खोटेपणाचं आहे. ती होते, बनावट कागदही निघतात. आणि मातृभाषेचे मुरलेले उच्चार सहज पुसता येत नाहीत हेही खरं.

पण जीभ नेमकं सांगते काय? माणूस कुणाच्या अंगणात वाढला एवढं ती सांगते. त्या अंगणावर आज कोणत्या देशाचा झेंडा आहे हे तिला ठाऊक नसतं. सिल्हेटीचंच घ्या. 1947 मध्ये सार्वमत होऊन सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला आणि करीमगंजच्या बाजूचा तुकडा भारतात राहिला. आसामच्या बराक खोऱ्यात, सिलचरमध्ये, लाखो भारतीय आजही तीच बोली बोलतात. भाषेच्या हक्कासाठी 19 मे 1961 रोजी सिलचर रेल्वे स्टेशनवर पोलिसांच्या गोळ्या खाऊन 11 माणसं मेली, ती भारतीय नागरिक होती आणि घरी हीच 'न कळणारी' बोली बोलत होती. उत्तर बंगालात तर सीमेच्या अल्याड-पल्याड राजबंशी बोली एकच आहे. तिथल्या छिटमहालांची गोष्ट याहून स्पष्ट. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाच्या जमिनीचे तुकडे होते. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. भारताच्या पोटातले बांगलादेशी तुकडे भारताचे झाले आणि तिथली हजारो माणसं रात्रीतून भारतीय झाली. त्या रात्री त्यांच्या बोलण्यात कोणता उच्चार बदलला? आणि 'जल' न म्हणता 'पानी' म्हणाला म्हणून संशय घ्यायचा, तर पश्चिम बंगालमधले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पानीच म्हणत आले आहेत. तो शब्द त्यांचा धर्म सुचवेल, देश नाही. कदाचित काहींना तेवढंच पुरेसं असतं, आणि तसं असेल तर निदान त्याला भाषेचा तपास म्हणू नये.

मला हे नकाशावर बोट ठेवून शिकावं लागलं नाही. मी उदगीरची. 1956 पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचना झाली, उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इकडे आले आणि भालकी, औराद तिकडे कर्नाटकात राहिले. आमच्या सोयरिकी अजून दोन्हीकडे आहेत. 'काय करायलास?' हा प्रश्न उदगीरलाही असाच विचारतात आणि भालकीलाही. माझ्या आजीचं माहेर तिकडचं, सासर इकडचं, आणि रेषा ओढली गेली तेव्हा ती चुलीपुढे बसलेली होती. मराठी तर त्याहूनही लांब पसरली आहे. तंजावरच्या घरांत ती आहे, इस्रायलमधल्या बेने इस्रायली म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, कराचीतही मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. कराचीच्या त्या माणसाचं मराठी ऐकून त्याच्या पासपोर्टाचा रंग कोण सांगेल?

हे नुसतं माझं भावनिक बोलणं आहे असं कुणाला वाटू नये. युरोपात 1990 नंतर आश्रय मागणाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते खरंच सांगतात त्या देशातले आहेत का, हे ठरवायची पद्धत सुरू झाली. तिचा इतका गोंधळ झाला की 2004 मध्ये भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाला मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. त्यांचं सांगणं साधं होतं. भाषेवरून माणूस कोणत्या समाजात घडला याचा अंदाज बांधता येतो, नागरिकत्वाचा निकाल देता येत नाही. आणि तो अंदाजही त्या भाषेच्या प्रशिक्षित अभ्यासकानेच बांधायचा. ती भाषा बोलता येणारा दुभाषी त्याला पुरत नाही. आपल्याकडे तर अभ्यासक सोडाच, बंगाली अजिबात न येणारा शिपाई हा निकाल देतो. 2025 च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूला पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर त्यांना परत आणावं लागलं. तो निकाल असा होता.

पिगट आणि हा मजूर यांच्यात आणखी एक फरक आहे, आणि तो कायद्याचा आहे. पिगटने पत्र पुढे केलं होतं, तेव्हा ते खरं आहे हे दाखवायचं ओझं ते पुढे करणाऱ्यांवर होतं. 1946 च्या विदेशी व्यक्ती कायद्याच्या कलम 9 ने मात्र आपण विदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं संशयिताच्या डोक्यावर ठेवलं, आणि 2025 च्या नव्या कायद्यानेही ते तिथेच ठेवलं आहे. म्हणजे शिपायाला नुसता संशय यायला हवा, आणि तो उच्चारावरून आला तरी चालतो. तिथून पुढे सगळं त्या माणसाने निस्तरायचं. ज्या कायद्यात संशय इतका स्वस्त आहे, तिथे संशयाचं साधन किती पारखून घ्यायला हवं?

उच्चारावरून माणसं निवडण्याचा इतिहास पाहिला की अंगावर काटा येतो. बायबलच्या जुन्या करारात, 'शास्ते' या पुस्तकात, यार्देन नदीच्या उतारावर गिलादी सैनिक उभे राहिले. पार जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला सांगत. एफ्राइमी लोकांना 'श' जमत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. तिथल्या तिथे गळा कापत. आकडा दिला आहे 42,000. 1937 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैनिकांनी हैतीच्या हजारो लोकांना मारलं. कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचं स्पॅनिश नाव, 'पेरेहिल', म्हणायला लावून त्यातल्या 'र'वरून माणसं वेगळी काढली असं सांगितलं जातं. ही परीक्षा किती ठिकाणी झाली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, कत्तलीवर नाहीत. 1983 च्या जुलैत कोलंबोत जमावाने लोकांना सिंहली शब्द म्हणायला लावले आणि तमिळ वळणाने बोलला त्याला ओढून काढलं. या प्रत्येक ठिकाणी 'तपास' काही क्षणांत झाला, नमुना मागितला नाही, दुसरा पुरावा मागितला नाही, अपील नव्हतं. आणि यांतल्या एकाही माणसाने कुणाला फसवलं नव्हतं. त्याने फक्त तोंड उघडलं होतं. आमच्याकडे कत्तल होत नाही, फक्त चौकशी होते, असं कुणी म्हणेल. मान्य आहे. पण पद्धत तीच आहे, आणि पद्धत तीच असली की उद्या काय होईल ते चौकशी करणाऱ्याच्या मर्जीवर उरतं.

भाषेचं हेच भिंग उलट बाजूने धरलं तर काय दिसतं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 2 नोव्हेंबर 1952 च्या रात्री लंडनजवळ क्रॉयडनमध्ये दोन पोरं एका गोदामाच्या छपरावर चोरीसाठी चढली. सोळा वर्षांच्या क्रेगने पोलीस शिपाई सिडनी माइल्सला गोळी घातली. त्या वेळी दुसरा, 19 वर्षांचा डेरेक बेंटली, आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. क्रेग वयाने लहान, त्याला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला दिली, 28 जानेवारी 1953 रोजी. बेंटली मंदबुद्धी होता, त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याच्या नावावर एक जबाब होता. पोलिसांनी शपथेवर सांगितलं की आम्ही मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, तो बोलत गेला आणि आम्ही लिहीत गेलो. चाळीस वर्षांनी माल्कम कूल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञाने तो 582 शब्दांचा जबाब तपासला. त्यात 'नंतर' या अर्थाचा 'देन' हा शब्द दहा वेळा आला होता, आणि बऱ्याचदा कर्त्याच्या मागून. साधा इंग्रज बोलताना 'देन आय' म्हणतो, म्हणजे 'नंतर मी'. 'आय देन' असा क्रम कूल्थर्डला पोलिसांच्या लेखी जबाबांत ठासून भरलेला सापडला. बेंटलीच्या तोंडी पोलिसांची भाषा होती. 30 जुलै 1998 रोजी अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. निकालाचा मुख्य आधार मूळ न्यायाधीशाने ज्युरीला केलेलं पक्षपाती मार्गदर्शन हा होता, भाषेचा अहवाल नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्या जबाबाकडे पाहायची दृष्टी त्या अहवालाने दिली.

आता आपल्याकडचा कोणताही जबाब काढा. 'मी वरील ठिकाणी राहण्यास असून मोलमजुरी करून माझ्या कुटुंबाची उपजीविका करते.' शेवटी: 'माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे टंकलिखित केला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे.' ऊसतोडीला जाणारी बाई 'राहण्यास असून' म्हणते? 'सदर इसमास विचारणा केली असता' हे शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारले असतील? पोलिसांची लिहिण्याची रीतच तशी आहे आणि दरवेळी त्यामागे कपट असतं असं मी म्हणत नाही. पण 'माझे सांगणेप्रमाणे' हा तर एका मजकुराबद्दलचा स्पष्ट दावा आहे. भाषेची चाचणी लावायची असेल तर लावायची जागा ही. 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब अमान्य ठरवला आणि नव्या साक्ष अधिनियमानेही ते कायम ठेवलं. इंग्रजांना, ज्यांना आपल्याबद्दल फारसा कळवळा नव्हता, त्यांनाही या कागदावर विसंबू नये एवढं कळलं होतं. तरीही आपण जबाबाची भाषा तपासत नाही, जबाब देणाऱ्याची तपासतो.

याला आपली एक जुनी आवडही कारण असावी असं मला वाटतं. मराठी माणसाला विचारा, अक्षरावरून उघडकीला आलेला गुन्हा सांग. तो 'ध चा मा' सांगेल. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी मारलं. राघोबादादांनी 'धरावे' लिहिलं होतं, आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला आणि ते 'मारावे' झालं. अडीचशे वर्षं शाळेतल्या पोराला हे पाठ आहे. पण तो खाडाखोड केलेला कागद कुठे आहे? तो कुणी पुढे आणलेला नाही. आनंदीबाईंच्या हस्ताक्षराशी तो कुणी ताडून पाहिला? रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबांना. मजकूर नाही, नमुना नाही, दुसरा पुरावा नाही, आणि तरी एक बाई आपल्या भाषेत कायमची खुनी होऊन बसली आहे. गोष्ट इतकी नेटकी आहे की कागद मागायचं कुणाला सुचत नाही. संशयिताच्या एका शब्दावरून हुशार अधिकाऱ्याने त्याला कसं ओळखलं, या बातम्या आपण ज्या आवडीने वाचतो ती आवड हीच आहे.

मग पोलिसांनी करायचं काय? कागदाचा संशय आला तर कागद तपासावा. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, मतदार यादी, गावच्या पंचायतीला फोन. भाषेचा आधार घ्यायचाच असेल तर बोलणं ध्वनिमुद्रित करावं, त्या बोलीच्या अभ्यासकाला ऐकवावं, त्याचं मत लेखी घ्यावं आणि ते खोडून काढायची संधी त्या माणसाला द्यावी. याला वेळ लागतो ही तक्रार मी ऐकली आहे. किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

बारावीनंतर मी प्रवेशासाठी एका मोठ्या शहरातल्या कॉलेजात गेले होते. खिडकीतल्या कारकुनांनी काहीतरी विचारलं, मी म्हणाले, 'पानी प्यायला गेले होते.' त्यांनी माझी गुणपत्रिका पुन्हा हातात घेतली. मराठीत 84 गुण. 'मराठीत चौऱ्याऐंशी, आणि पानी? कर्नाटकातून आलीस का गं? ही कुठून काढलीस?' मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी काही बोलले तर ते पुन्हा त्याच 'न'मध्ये निघणार हे मला कळत होतं, म्हणून मी बोललेच नाही, आणि माझं न बोलणं त्यांना कबुलीसारखं वाटलं. दोन दिवस माझा अर्ज बाजूला पडून राहिला. अण्णा रात्रीच्या एसटीने उदगीरहून अधिवास प्रमाणपत्राची मूळ प्रत घेऊन आले, आणि तेही माझ्यासारखंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका बाईंनी लातूरच्या बोर्डाला फोन लावला, माझा बैठक क्रमांक वाचून दाखवला, पलीकडून गुण सांगितले गेले, त्यांनी खूण केली आणि शिक्का मारला. पाच मिनिटं लागली असतील. फोन पहिल्या दिवशीही त्याच टेबलावर होता.